बदली साहेब

गिरणीचा पहिला भोंगा व्हायच्या आधी बाबा गेटवर जाऊन उभे राहायचे. काखेत फडक्यात बांधलेली भाकरी, खिशात बदली कार्ड. बदली म्हणजे काय ते सांगते, कारण आता गिरण्याही गेल्या आणि तो शब्दही गेला. कायम कामगार त्या दिवशी आला नाही तर त्याच्या मागावर, म्हणजे कापड विणायच्या यंत्रावर, दिवसापुरता जो उभा करतात तो बदली. जॉबर, म्हणजे माणसं कामाला लावणारा मुकादम, आतून गेटापाशी यायचा आणि बाहेर उभ्या असलेल्या तीस-चाळीस माणसांकडं बघायचा. नाव घ्यायचा नाही, बोट दाखवायचा. "तू. तू. आन त्यो मागचा." बोट आलं तर काम, नाही तर घर.

बाबा त्या गेटवर एकवीस वर्षं उभे राहिले. दुसऱ्याचा ताप, दुसऱ्याच्या घरची लग्नं, दुसऱ्याच्या गावची जत्रा, यांच्यावर आमची चूल पेटायची. आई कसबा बावड्यातल्या मळ्यांत तण भांगलायला जायची. सकाळी आठच्या सुमाराला बाबा परत आलेले दिसले की ती काही विचारायची नाही. फडक्यातली भाकरी सोडून त्यांच्या ताटात ठेवायची. ताजीच असायची ती, पण बाबांच्या घशाखाली उतरायची नाही.

मी सातवीत असल्यापासून बाबांचे अर्ज लिहायचे. 'सविनय सादर अर्ज करतो की, मी आपल्या गिरणीत इतकी वर्षे बदली म्हणून इमानेइतबारे काम करीत असून मला कायम करण्यात यावे.' दरवर्षी फक्त वर्षांचा आकडा बदलायचा. उत्तर एकदाही आलं नाही. पण माझं अक्षर सुधारलं आणि गल्लीत नाव झालं, अमक्याची पोरगी अर्ज लिहिते म्हणून. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी कुठंही सांगते. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. बारावी नापास झाला आणि भरतीच्या मैदानावर अनवाणी पळून फौजेत लागला. पत्र आलं तेव्हा आईनं पहिला प्रश्न केला, "कायम का बदली?"

दादा हसला. "कायम गं आई. सरकार हाय ते, गिरणी न्हवं."

त्याच्या पलटणीत आपल्याच भागातली पोरं बरीच होती. तिथं दोन-तीन वर्षांनी जे मोठे साहेब आले, त्यांच्याबद्दल दादा रजेवर आला की बोलत सुटायचा. साहेब आपल्याकडचे नव्हते, पण पोरांत बसून मराठी शिकले होते. लंगरमध्ये, म्हणजे फौजेच्या जेवणघरात, पोरांच्या रांगेत ताट घेऊन उभे राहायचे आणि विचारायचे, "झालं का जेवान?" तेही आपल्याच हेलात. आईचं ऑपरेशन झालं तेव्हा त्यांनी दादाला मागितल्याहून जास्त रजा दिली, आणि सोबत आईच्या नावानं एक चिठ्ठी. दुसरीतल्या पोरासारखं मोठं मोठं अक्षर. 'आई, तुमचा मुलगा चांगला आहे. काळजी करू नको.'

मी वाचून दाखवली आणि म्हणाले, "तुमचा म्हणलेत आणि खाली करू नको. चुकलंय व्याकरण."

आई म्हणाली, "चुकू दे की. पोटच्या पोरागत तू म्हणला मला." ती चिठ्ठी तिनं पत्र्याच्या डब्यात ठेवली. माझी दहावीची मार्कशीटही त्याच डब्यात होती, पण चिठ्ठीच्या खाली.

नव्व्याण्णव साली वर डोंगरात लढाई लागली आणि दादाची पलटण तिकडं गेली. शेजारी टीव्ही होता. आई बघायला जायची नाही. "मला त्यातलं काय कळतंय. पोरगं दिसलं तर सांगा," म्हणायची. तीन आठवडे पत्र नव्हतं. मग आलं. त्यातली वाक्यं मला आजही तोंडपाठ आहेत.

'आई-बाबांना सप्रेम जयभीम. मी खुशाल आहे. थंडी फार आहे. आमच्या साहेबांना खाली बोलावून घेतलं ते परत आले नाहीत. आम्हाला भेटूही दिलं नाही. त्यांच्या जागी एक बदली आलाय. सगळी पोरं त्याला बदलीच म्हणतात. कुणाचं मन लागत नाही. बाकी ठीक.'

आई म्हणाली, "मग येतील की. बदली म्हंजे ह्यो चार दिसांचा. साहेब रजेवर गेलं आसतील."

आता हसू येतं, पण मलाही तेच वाटलं. मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाची परीक्षा दिलेली मुलगी. बदली हा शब्द सरकारात दुसऱ्या अर्थानं वापरतात हे पुस्तकात वाचून मला माहीत होतं. पण दादा आणि मी हा शब्द पुस्तकातून शिकलोच नव्हतो, गेटवरून शिकलो होतो. त्यानं लिहिला तो गेटवरचा, आणि मी वाचला तोही गेटवरचाच. कायम माणूस आला की बदलीनं खाली मान घालून बाहेर पडायचं. तसंच तिथं होईल, असं आम्ही धरून चाललो. बाबा डावा डोळा पुसत बसले. त्या डोळ्यानं त्यांना दिसायचं नाही, सारखं पाणी तेवढं यायचं.

दुसऱ्या दिवशी दारात सुभेदारीणबाई. त्यांचे मालक दादाच्याच कंपनीत सुभेदार होते. बावड्यातच राहायच्या, वरच्या आळीला, पण आमच्या दारात कधी आलेल्या नव्हत्या. आई चहा ठेवू का नको अशी घुटमळत उभी राहिली.

"टाक की चहा," त्या चटईवर बसत म्हणाल्या. "दूध नसंल तर कोरा टाक. आमच्या मालकांचं पत्र आलंय. तुमास्नी बी आलं आसंल की."

"व्हय, आलं."

"साहेबाला काढलं बघ. असल्या टायमाला. पोरं त्याच्यासाठी जीव टाकत हुती." मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, "तू अर्ज लिवतीस म्हणं?"

मी म्हणाले, "लिहिते."

"मग दिल्लीला लिवायचा. रविवारी ये आमच्यात. समदी येणार हायीत."

रविवारी त्यांच्या सोप्यात नऊ घरची माणसं जमली होती. बिद्रीकडनं दोन घरची माणसं एसटीनं आली होती. मला खुर्ची दिली. बाकी सगळे खाली जाजमावर, आणि मी एकटी खुर्चीवर. आई भिंतीला टेकून बसली होती. ती माझ्याकडं बघत होती आणि मला ते कळत होतं. खोटं कशाला सांगू, मला फार बरं वाटत होतं.

एक म्हातारे म्हणाले, "दिल्लीला धाडायचा तर इंग्रजीत लिव की पोरी."

त्यांना शेजारची बाई म्हणाली, "आवं पावणं, इंग्रजीत रडाय येतंय व्हय कुणाला?"

सगळे हसले. जो तो आपल्या पोराला साहेबांनी काय काय केलं ते सांगायला लागला. कुणाच्या बहिणीच्या लग्नाला रजा दिली होती, कुणाची दारू सोडवली होती, कुणाच्या बापाच्या तेराव्याला फोन केला होता. मी ऐकून घेतलं आणि मग लिहिलं. मला एकच साचा येत होता, गिरणीचा. 'सविनय सादर अर्ज करतो की, आमच्या मुलांच्या पलटणीवर सध्या बदली साहेब असून, सदर बदली साहेबांना त्यांच्या मूळ जागी पाठवून आमचे कायम साहेब यांना त्वरित रुजू करून घेण्यात यावे.' वाचून दाखवलं. सुभेदारीणबाई म्हणाल्या, "वकिलाला लाजीवलंस की."

मग सह्या आणि अंगठे. प्रत्येक सहीपुढं पोराचा फौजेतला नंबर घालायचं ठरलं. "नंबर घातल्याबिगार सरकार वाचत न्हाय," असं त्या म्हातारेबुवांचं मत पडलं आणि ते सगळ्यांना पटलं. दादाचा नंबर मला पाठ होता, पाकिटावर इतक्या वेळा लिहिलेला. मी घातला. आमच्या घरची सही तेवढी राहिली, बाबांची. सोमवारी ती घेऊन राजारामपुरीतल्या पोस्टातनं रजिस्टर करायचा, कारण माझं जाणं-येणं तिकडंच होतं.

सोमवारी बाबा आठ वाजताच परत आले. बोट आलं नव्हतं. आईनं भाकरी पुढं ठेवली. मी म्हणाले, "बाबा, एवढी सही करा. मला बस गाठायचीय."

त्यांना मराठी वाचता यायचं, सावकाश. ओठ हलवत त्यांनी सगळा अर्ज वाचला आणि खाली ठेवला. "मी न्हाय करत."

"का?"

"ह्यात बदली लिवलंयस."

"मग? दादानंच लिहिलंय तसं."

"त्येनं लिवलं म्हणून तर." ते भाकरी मोडायला लागले आणि थांबले. "माझा डोळा कशानं गेला तुला ठावं हाय?"

धोटा लागून, एवढं मला माहीत होतं. मागावर आडव्या सुताची कांडी घेऊन जो इकडून तिकडं पळतो तो धोटा. लाकडी, टोकाला पोलाद. पुढचं त्यांनी मला तोपर्यंत कधी सांगितलं नव्हतं.

"त्या मागाचा धोटा डावीकडनं उडायचा. ती त्या मागाची खोड. त्याच्यावरच्या कायम माणसाला ठावं हुतं. त्यो फळी लावून हुबा राहायचा. त्यो गेला मुंबईला भावाकडं, आन जॉबरनं बोट केलं माझ्याकडं. बाजूच्या मागांवर चार जण हुतं. चौघांस्नी ठावं हुतं. कुणी बोललं न्हाय. का? तर ह्यो बदली. ह्याला कशाला सांगायचं. चार दिसांनी जाईल."

आईनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं.

"आता तिथं वर," बाबा म्हणाले, "पोरं त्या साहेबाला बदली म्हणत्यात. म्हंजे तिथली खोड त्याला सांगत नसणार. पण मागावर मी एकटा हुतो, माझा एकट्याचा डोळा गेला. तिथं साहेबाला खोड कळली न्हाय तर धोटा कुणाला लागंल?"

मी म्हणाले, "बाबा, पण साहेबांवर अन्याय झालाय."

"झाला आसंल. मी कुठं न्हाय म्हणतोय. सोन्यागत माणूस, तुझ्या आईला चिठ्ठी लिवली. पण त्यो आता खाली हाय. पोरगं वर हाय." मग दादाच्या नंबरावर बोट ठेवून म्हणाले, "आन ह्यो कशाला घातलास? अर्ज आला की जॉबर पैला नंबर बघतो. मजकूर बघत न्हाय. मग त्या बाजूला बोट येतच न्हाय. शिकलीस म्हणून सांगतो, न्हाय तर बोललो नसतो."

मला राग आला. रागाचं कारण लिहून टाकते. आदल्या दिवशी नऊ घरांनी मला खुर्चीवर बसवलं होतं, आणि इतकी वर्षं गेटवर उभा राहिलेला माणूस माझा अर्ज चुकलाय म्हणून सांगत होता. बस गेली. मी तिथंच बसून राहिले. दुपारपर्यंत डोक्यात एकच होतं. त्या सोप्यात नऊ घरची माणसं होती, आणि नव्या साहेबाला काय माहीत असेल, काय नसेल, हा प्रश्न एकानंही विचारला नव्हता. मीही नाही.

तिसऱ्या प्रहरी मी दादाचा नंबर खोडला आणि अर्ज घेऊन सुभेदारीणबाईंकडं गेले. म्हणाले, "काकू, ह्यातले नंबर काढूया. आणि बदली हे मी चुकीचं लिहिलंय. हा साहेब चार दिवसांचा नाही, आता हाच राहणार. पोरांना सांगायला पाहिजे की त्याला धरून राहा."

त्यांनी खोडलेली ओळ बघितली. "व्हय? तुमचा नंबर तेवढा खोडलास."

"सगळ्यांचे खोडूया म्हणते मी."

"कालपतूर खुर्चीवर बसून लिवत हुतीस. आता शानी झालीस. बाप घाबरला आसंल की, गिरणीवाला."

"बाप घाबरला नाही, काकू."

"ऱ्हाऊ दे. कागद दे हिकडं."

मी दिला. त्यांनी बिद्रीकडच्या एका मास्तरांकडून त्यावर पत्ता टाकून घेतला आणि तो पाठवला. त्याला उत्तर आलं नाही. माझ्या अर्जांना उत्तर येत नाही, हे मला सातवीपासून माहीत होतं.

त्याच संध्याकाळी बाबांनी सांगितलं आणि मी दादाला पत्र लिहिलं. अर्जाचा साचा सोडून लिहिलेलं माझं ते पहिलंच पत्र असावं. 'त्याला बदली म्हणायचं सोड. आधीच्या साहेबांना जे माहीत होतं आणि ह्याला नाही, असं तुला जे जे ठाऊक असेल ते जाऊन सांग. विचारायची वाट बघू नको. सुभेदार सांगतील म्हणून थांबू नको. तुझ्या बापाचा डोळा असाच गेला.' शेवटचं वाक्य बाबा नको म्हणत होते. मी ठेवलं.

मग वाट बघणं. त्याबद्दल लिहिण्यासारखं फार नाही. पोस्टमनची सायकल दुसऱ्या गल्लीत वळली की आई आत जायची. सुभेदारीणबाई नळावर भेटल्या तर कळशी उचलून निघून जायच्या. मी राजारामपुरीतल्या एका क्लासमध्ये पाचवी-सहावीच्या पोरांना शिकवायचे. ती पोरं लढाईबद्दल क्रिकेटसारखी बोलायची, आज किती घेतले, उद्या किती. मी फळ्याकडं तोंड करून उभी राहायचे. कागलच्या बाजूला एका घरी पेटी आली, दुसऱ्या पलटणीतला मुलगा. बाबा चालत गेले आणि गर्दीत उभे राहून परत आले. त्या रात्री कुणी जेवलं नाही, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे बाबा परत गेटवर गेले. दमलो होतो आम्ही. दुःख अजून आलंही नव्हतं आणि आम्ही दमून गेलो होतो.

लढाई संपली. दादाची 'खुशाल आहे' एवढीच दोन पत्रं आली. दिवाळीनंतर तो रजेवर आला. वाळला होता, ओठ फुटलेले. दोन दिवस नुसता झोपला. तिसऱ्या दिवशी बाबांकडं बोट आलं नाही, ते घरी होते, तेव्हा बोलला.

"तुमचं पत्र मिळालं, बाबा. आमी एक नाळ चढायचो. डोंगरातली घळ, आरुंद, दोन्हीकडनं कडा. दुपारी ऊन लागलं की वरनं दगडं सुटायची, आन त्याच टायमाला पलीकडनं गोळं यायचं. आधीच्या साहेबांस्नी ठावं हुतं, ते स्वतः चढून आलते. पहाटंच धाडायचं. ह्या नव्यानं टाइम लावला दुपारचा. आमी सुभेदार साहेबांस्नी म्हटलं, सांगा की. तर ते म्हणाले, इचारल्याबिगार मी का सांगू. समजंल त्याचं त्याला."

"समजलं आसतं की," बाबा म्हणाले.

"व्हय. नाळंत जायला तेरा जणांची पार्टी लागली दुसऱ्या दिवसाला. मी बी त्यात. सुभेदार बी त्यातच. तरी गप्प. आडून बसलं हुतं सगळं. सांजच्याला नवा साहेब राउंडला आला, म्हणाला, कोई तकलीफ? समदी ओरडली, नहीं साब. माझ्या खिशात तुमचं पत्र हुतं. मी एक पाय म्होरं टाकला. म्हटलं, साब, दोपहर में नाळ खराब है."

"मग? काय म्हणाला?" आईनं विचारलं.

"काय न्हाय. क्यों म्हणाला. मी सांगितलं. ठीक है म्हणाला, आन गेला."

"एवढंच?"

"एवढंच. टाइम पहाटंचा केला. आमी चढून वर गेलो. दुपारी त्या नाळंत काय पडलं ते वरनं बघितलं. सुभेदार साहेब माझ्या शेजारी बसलं हुतं. बिडी दिली मला."

बाबांनी डोळा पुसला. तो तसाही पुसावाच लागायचा.

"चांगला हाय का मग ह्यो साहेब?" आई म्हणाली.

"चांगला न्हाय, वाईट बी न्हाय. शेवटपतूर आमची नावं त्याला पाठ झाली न्हाईत. पण दुसऱ्या दिवसापास्नं राउंडला आला की इचारायचा, नाळवाला कौन?"

जुन्या साहेबांना कशासाठी काढलं हे आम्हाला कधीच कळलं नाही. कुणी म्हणे पोरांना भर दिवसा पुढं घालायला ते नाही म्हणाले, कुणी म्हणे वरच्यांशी भांडले. खरं काय ते मी सांगू शकत नाही, आणि माहीत नसताना लिहायची सवय मी त्या एका अर्जानंतर सोडली. दादानं त्यांना दोन पत्रं पाठवली होती. पत्ता बरोबर होता की नाही कुणास ठाऊक.

सुभेदारीणबाई त्या गोष्टीवर माझ्याशी कधी बोलल्या नाहीत. त्यांना मालकांनी सांगितलं असेल, नसेल. पण पुढच्या वर्षापासून बाया माझ्याकडं फॉर्म घेऊन यायला लागल्या, पेन्शनचे, दाखल्यांचे. कुणी पाठवलं विचारलं की म्हणायच्या, "सुभेदारीणबाईनं सांगितलंय, हितंच जा म्हणून." मी भरून द्यायचे. नंबर घालायच्या आधी कागद कुठं जाणार ते विचारून घ्यायचे.

काही वर्षांनी गिरणी बंद पडली. बाबा तेव्हाही बदलीच होते. मी बी.ए. झाले, मग बी.एड. केलं आणि शाळेत लागले. दादा सतरा वर्षांची नोकरी पुरी करून हवालदार म्हणून घरी आला. त्या दिवशी नाळेत जायला लागलेली तेराही माणसं आपापली नोकरी पुरी करून घरी आली.